खैरियत कळवण्यापुरतं नेटवर्क

पानशेत, पवना, मुळशी या बाजूच्या कॅम्पवाल्यांच्या जाहिराती हल्ली एक गोष्ट हमखास विकतात: नेटवर्क नाही. फोन विसरा, निसर्ग बघा, असं लिहिलेलं असतं आणि पुण्याची नोकरदार मंडळी त्यासाठी पैसे मोजतात. राज्य सरकारनं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आता भाड्याच्या कॅराव्हॅनही दिसू लागल्यात. झोपायला पलंग, कोपऱ्यात मोरी, गॅसची शेगडी, सगळं चाकांवर. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्हीही अशी एक गाडी दोन रात्रींसाठी ठरवली. जागा पानशेतच्या पुढं, धरणाच्या पाण्याकाठी.

अम्मीचा पहिला प्रश्न, "वहाँ फोन लगता क्या?"

नाही लागत म्हटल्यावर ती गप्प झाली. अम्मी भित्री नाही. पण 2 जून 2014 च्या रात्री हडपसरमध्ये मोहसीन शेख हा सोलापूरचा तरुण नमाज पढून परतताना जमावाच्या मारहाणीत गेला. आयटीत नोकरी करणारा, आपल्या वाटेनं घरी जाणारा पोरगा. त्या आठवड्यापासून आमच्या घरात एक नियम आहे. निघताना फोन, पोहोचल्यावर फोन. अकरा वर्षं झाली, नियम मोडलेला नाही. नेटवर्क नसण्यात ज्यांना शांतता सापडते त्यांचा मला हेवा वाटतो. त्यांच्या घरी कुणी फोनकडे बघत बसलेलं नसतं.

माझा मामेभाऊ टेक्सासमध्ये असतो. सुट्टीत तो आपली मोठी गाडी घेऊन रानात जातो आणि टपावरच्या स्टारलिंकच्या डिशवर ऑफिसचं कामही करतो. तो दिवाळीआधी पुण्यात येणार होता. म्हणाला, "भाईजान, छोटं किट घेऊन येतो. वजन किलोभर. बॅगेत बसतं."

मी नको म्हटलं. एक तर ते इथं चाललंच नसतं. स्टारलिंकला दूरसंचार खात्याचा परवाना जून 2025 मध्ये मिळाला, पण सामान्य ग्राहकासाठी सेवा तेव्हा सुरू झालेली नव्हती. डिसेंबर 2024 मध्ये मणिपूरमधल्या छाप्यात असं एक यंत्र सापडलं, तेव्हा भारतावरचे बीम बंद आहेत, असं खुद्द इलॉन मस्क यांनी सांगितलं होतं. दुसरं कारण कायद्याचं. परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्लेखोरांकडे सॅटेलाइट फोन होता. तेव्हापासून या बाबतीत यंत्रणा फार कडक आहे. परदेशी पर्यटकही सॅटेलाइट फोनसह विमानतळावर पकडले गेलेत. बायकोनं तिसरं कारण एका वाक्यात सांगितलं, "नाक्यावर गाडी थांबवली आणि आपलं नाव विचारलं, तर डिश कशाला हे समजावत बसणार का?" यावर भावाकडे उत्तर नव्हतं. टेक्सासमध्ये हा प्रश्न त्याला कधी पडला नसावा.

उपग्रहावरचं इंटरनेट आपल्याकडे नवं नाही. बँकांच्या, पेट्रोलपंपांच्या छपरावर दिसते ती छत्री तीच. तिचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीच्याच गतीनं फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी उभा दिसतो. छत्री एकदा रोखली की झालं. पण विचारणा वर जाऊन खाली आणि उत्तर पुन्हा वर जाऊन खाली, असा जवळपास दीड लाख किलोमीटरचा फेरा पडतो. त्यात अर्धा सेकंद जातो. एटीएमला चालतं, बोलताना मात्र दोघं एकमेकांवर आदळतात. स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर आहेत. त्यामुळं उशीर जाणवत नाही. पण ते सतत सरकत असतात, म्हणून डिशला मोठं, मोकळं आकाश लागतं. आमच्या जागेवर एका अंगाला उभा डोंगर, डोक्यावर जांभळाची झाडं. कॅराव्हॅन लोक सावलीत लावतात आणि डिशला सावली चालत नाही. शिवाय सह्याद्रीचा पाऊस. मुसळधार पावसात हे सिग्नल कमजोर होतात, आणि मदत मागायची वेळही नेमकी तेव्हाच येते.

आम्ही काय केलं? जागेचे मालक गावातलेच एक काका. ते म्हणाले, "वरच्या टेकावर दोन काड्या येतात, दादा." सकाळ-संध्याकाळ वर जाऊन अम्मीला खैरियत कळवायची असं ठरलं.

पहिल्या संध्याकाळी टेकावर गेलो तर तिथं गर्दी. सात-आठ बायका हातात फोन घेऊन बसलेल्या. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी चालली होती. स्वतःच्या आधारचा ओटीपी आला की नवऱ्याच्या आधारचा ओटीपी. नवरे कामाला पुण्यात. ते तिकडून आकडे सांगणार, या इकडं भरणार, तेवढ्यात काडी गेली की पुन्हा पहिल्यापासून. एक बाई तिसऱ्या दिवशी आली होती. अंधार पडायला लागला तसा माझ्या मुलीनं बॅटरी धरली आणि दोघींचे अर्ज भरून दिले.

उतरताना काकांनी मागच्या पावसाळ्यातलं सांगितलं. गावातल्या एका पोराला फुरसं चावलं. 108 ला फोन लावायला एकजण मोटारसायकल घेऊन खिंडीकडे सुटला, बाकीच्यांनी पोराला जीपमध्ये घातलं. पोरगा वाचला. "पण फोन लागेपर्यंत जीप निम्म्या वाटेत पोचली होती," काका म्हणाले.

ज्या शांततेची जाहिरात करून त्यांचा कॅम्प चालतो, तिची किंमत गाव अशी चुकवतं.

पुणे जिल्ह्यासाठी तर ही गोष्ट लाजेची आहे. याच जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या आर्वीला 1971 साली विक्रम भूकेंद्र सुरू झालं आणि तिथून देशाचे परदेशी फोन उपग्रहावरून जाऊ लागले. त्या केंद्राची डिश सुमारे 30 मीटर व्यासाची होती. मामेभाऊ आणणार होता ती लांबीला 30 सेंटिमीटर. पन्नास वर्षांत डिश शंभरपट लहान झाली, पण पानशेतच्या मागच्या खोऱ्यात काकांना अजून टेक चढावं लागतं.

आम्ही परतल्यावर, 5 नोव्हेंबरला, महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकशी इरादापत्रावर सही केली. भर गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांवर. शाळा, आरोग्य केंद्रं, सरकारी कार्यालयं आधी. हा क्रम योग्यच आहे. पण पुणे जिल्हा श्रीमंत म्हणून आमच्या खोऱ्यांचा नंबर शेवटी लागेल आणि त्याआधी पैसेवाल्या रिसॉर्टच्या छपरांवर डिश चढतील, अशी मला भीती वाटते. तसं होणार असेल तर पर्यटन खात्यानं एक अट घालावी. कॅराव्हॅनच्या ज्या तळावर उपग्रहाचं कनेक्शन येईल, त्यानं गावाला, निदान अंगणवाडी आणि रेशन दुकानाला, त्यातला वाटा द्यावा. पाहुण्याला दोन दिवस निवांतपणा हवा असेल तर त्याच्या फोनला बंद करायचं बटण आहेच.

काकांना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "महिन्याला कितीला पडंल?"