उपेक्षा आणि उपेक्खा

कोथरूडच्या सुतारदऱ्यात आम्ही शेजारपाजारची मंडळी वर्षावासात दर रविवारी संध्याकाळी धम्मग्रंथ वाचायला बसतो. गेल्या वर्षावासात दहा पारमितांचा भाग निघाला. दान, शील, क्षांती, मैत्री इथवर सर्वांनी माना डोलावल्या. शेवटी 'उपेक्खा' आली आणि वाचणाऱ्या मुलाने सवयीने 'उपेक्षा' म्हटले.

आत्या ताडकन म्हणाली, "उपेक्षा होय? ती तर जन्मभर सोसली! तीस वर्षं कॉलनीत धुणीभांडी केली, कुणी नाव विचारलं नाही. आता तीच आपण शिकायची?"

कुणालाच उत्तर सुचेना. अखेर आम्ही शब्दकोश काढला. आत्याचे खरेच होते. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. पण शब्दाचे मूळ 'ईक्ष्', म्हणजे पाहणे. परीक्षा, अपेक्षा, निरीक्षण ही त्याच घरची भावंडे. पालीतली उपेक्खा म्हणजे आपला-परका न करता, तोल न सोडता पाहणे. मैत्री, करुणा, मुदिता यांच्या पंगतीला ती चौथी बसते. आपल्याकडे मात्र पाहणाऱ्या शब्दाचा न पाहणारा शब्द झाला!

बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उपेक्खा आणि बेपर्वाई यांत स्पष्ट फरक केला आहे. फळ कसेही मिळो, मन हलू द्यायचे नाही. प्रयत्न मात्र सोडायचा नाही. बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त अज्ञानातल्या बेफिकिरीला उपेक्खेचा जवळचा वैरी म्हटले आहे. दिसायला दोघी सारख्याच, म्हणून फसगत होते.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "मी धाकट्याशी चार महिने बोलत नाही. मला दोघं सारखेच, असं सगळ्यांना सांगते. ती कुठली म्हणायची?"

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. खोली थोरल्याच्या नावावर झाली, त्यावरून धाकटा बायकामुलांना घेऊन भाड्याने राहायला गेला, हे वस्तीत सर्वांना ठाऊक होते. आत्या थोरल्याकडेच जेवते.

पुढच्या रविवारी आत्या वाचनाला आली नाही. खोलीच्या कागदावर दोघांची नावे घालायची, असे थोरल्याला बजावून ती धाकट्याकडे गेली होती. थोरला अजून आमच्याशी बोलत नाही. शब्दकोश आम्हीच काढला होता ना!