दशांशचिन्हाच्या उजवीकडे

टायट्रेशनच्या प्रॅक्टिकलला मुलांच्या मागून फिरताना माझी नजर ब्यूरेटपेक्षा जर्नलवर जास्त असते. ब्यूरेटवरचा लहानात लहान भाग 0.1 मिलिलिटरचा. रीडिंग येतात 10.2, 10.3, 10.2, आणि सरासरीच्या रकान्यात कॅल्क्युलेटरवरून 10.2333333 उतरतं. हे शेवटचे 3 कोणी मोजले, असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघतात.

सार्थ अंकांचे नियम त्यांना पाठ असतात. म्हणून मी नियम बाजूला ठेवतो आणि लॉर्ड रॅले यांची गोष्ट सांगतो.

1890च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. काचेचा एकच मोठा गोळा पुन्हा पुन्हा भरायचा आणि तोलायचा. तराजूच्या दुसऱ्या बाजूला जवळपास तेवढ्याच आकारमानाचा बंद गोळा, म्हणजे भोवतालच्या हवेची घनता बदलली तरी दोन्हींवर सारखाच परिणाम व्हावा. हवेतून ऑक्सिजन काढून उरलेला नायट्रोजन भरला, तर वजन 2.3102 ग्रॅम. रासायनिक संयुगांपासून मिळवलेला नायट्रोजन भरला, तर 2.2990.

फरक अवघा 11 मिलिग्रॅम! पण एकाच प्रकारच्या वायूची वजनं आपसांत एक-दोन मिलिग्रॅमपलीकडे ढळत नव्हती. आपला तराजू किती डगमगतो हे रॅले यांना नेमकं ठाऊक होतं, म्हणून हा फरक हाताच्या चुकीवर ढकलता येईना. मला या माणसाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे. हलक्या वायूत हायड्रोजन राहिला असेल का? त्यांनी मुद्दाम हायड्रोजन मिसळून तो काढून पाहिला. वायू काही काळाने बदलत असेल का? एक नमुना आठ महिने ठेवून पुन्हा तोलला. फरक हटेना.

मग विल्यम रॅम्झी यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेऊन शोषून घेतला. तरीही थोडा वायू उरलाच, आणि त्याच्या वर्णपटात अनोळखी रेषा होत्या. ऑगस्ट 1894मध्ये ऑक्सफर्डला दोघांनी हा शोध जाहीर केला. तो आर्गॉन; आपल्या श्वासातल्या हवेत जवळपास एक टक्का.

इथवर आलं की मी मुलांना हेन्री कॅव्हेंडिशबद्दलही सांगतो. 1785मध्ये त्यांनी हवेत विजेच्या ठिणग्या पाडून नायट्रोजन संपवत नेला होता. शेवटी एक बारीक बुडबुडा उरला. तो मूळ नायट्रोजनच्या 1/120हून जास्त नाही, अशी नोंद त्यांनी करून ठेवली. शंभरहून अधिक वर्षांनी रॅले यांनी तोच प्रयोग पुन्हा मांडला, तेव्हा तो बुडबुडा कशाचा होता हे कळलं.