पाण्याच्या पृष्ठभागावरचे एक नसलेले शिखर

आज २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाची घोषणा झाली, हे सकाळपासून आपण अनेक ठिकाणी वाचले असेल. रामन यांनी विखुरलेल्या प्रकाशात रेणूंच्या कंपनांची खूण ओळखली. मी ज्या तंत्रावर काम करते तेही रेणूंची कंपनेच टिपते. मात्र द्रवाच्या पोटातली नव्हेत, केवळ त्याच्या पृष्ठभागावरची. त्यातील एका पुसाव्या लागलेल्या निष्कर्षाविषयी आज लिहावेसे वाटते.

मोहालीच्या एयरोसिटीत राहायला आल्यापासून दर हिवाळ्यात दाट धुके पाहते. शेजारच्या विमानतळावरची उड्डाणे खोळंबवणारे हे धुके म्हणजे सूक्ष्म थेंबांचा समुदाय. हवेतील वायूंची आणि धुराची पाण्याशी पहिली गाठ पडते ती थेंबाच्या पृष्ठभागावर. पण १० मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबातसुद्धा सर्वांत वरच्या थरातले रेणू साधारण पाच हजारांत एक! नेहमीच्या वर्णपटात त्यांचा आवाज उरलेल्यांच्या गलक्यात बुडून जातो.

यावर उपाय आहे तो सममितीचा. एक दृश्य आणि एक अवरक्त असे दोन लेझर झोत पाण्यावर एकाच बिंदूवर, एकाच क्षणी पाडायचे आणि दोन्ही वारंवारतांच्या बेरजेइतक्या वारंवारतेचा जो नवा प्रकाश निघतो तो मोजायचा. द्रवाच्या आत रेणूंची तोंडे सर्व दिशांना सारखीच वळलेली असतात. त्यामुळे त्यांचे हातभार परस्परांना छेदून शून्य होतात. पृष्ठभागावर वर हवा आणि खाली पाणी असल्याने ही सममिती मोडते आणि तेवढेच रेणू बोलतात. १९९३ साली बर्कलीत वाय. आर. शेन यांच्या गटाने अशा रीतीने शुद्ध पाण्याच्या पृष्ठभागाचा वर्णपट मिळवला. त्यात ३७०० प्रति सेंटिमीटरजवळ एक टोकदार शिखर होते. पृष्ठभागावरच्या २० टक्क्यांहून अधिक रेणूंचा एक ओ-एच बंध कोणाशीही हायड्रोजन बंध न जोडता हवेत मोकळा डोकावत असतो, हे त्यावरून कळले. मला हा निष्कर्ष आजही विलक्षण सुंदर वाटतो.

अडचण पुढे आहे. प्रकाशाची केवळ तीव्रता मोजली तर चिन्ह हरवते. हायड्रोजन वर आहे की खाली, हे कळत नाही. त्यासाठी त्या प्रकाशाचे संदर्भ-प्रकाशाशी व्यतिकरण घडवून त्याची फेज मोजावी लागते. अशा मोजमापांत ३७०० चे शिखर धन आले, म्हणजे हायड्रोजन हवेकडे; बंधांत गुंतलेल्या रेणूंचा रुंद पट्टा ऋण आला, म्हणजे हायड्रोजन खाली. याखेरीज ३२०० च्या खाली आणखी एक धन पट्टा दिसे. पाण्यावर बर्फासारखी घट्ट रचना असल्याची ती खूण, असे अनेकांनी मानले. सिद्धान्तही रचले गेले.

माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण त्याच पट्ट्यावर उभे होते. मिठाच्या द्रावणात तो उतरतो, अर्थात मीठ ही रचना मोडते, असे मी लिहिले होते. सरांनी आलेख पाहिला आणि एवढेच विचारले, ‘बशी भरल्यावर किती वेळाने मोजलेस?’

मी वेळ टिपलीच नव्हती. फेज ठरवण्यासाठी आम्ही आधी क्वार्ट्‌झचा स्फटिक ठेवत असू आणि मग त्याच उंचीवर पाणी. उंची काही मायक्रोमीटरने चुकली तरी फेज वळते, आणि उघडे पाणी स्थिर राहत नाही. दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडत असेल, तर मिनिटाला साडेतीन मायक्रोमीटर उंची घटते. त्याच वर्षी, २०१५ मध्ये, जपानी संशोधकांचे काम प्रसिद्ध झाले. त्यांनी संदर्भ म्हणून जड पाणी घेतले: तेही द्रवच, आणि ओ-एचच्या पट्ट्यात त्याचे स्वतःचे कंपन नसल्याने त्याची फेज निश्चित. तो धन पट्टा नाहीसा झाला. मी जड पाण्याने मोजले; माझाही गेला, आणि मिठाचा परिणामही त्याच्याबरोबर गेला. प्रकरण काढून टाकले. शिष्यवृत्ती संपल्यानंतरचे आठ महिने नव्या मोजमापांत गेले. तेव्हा फार रडले, हे लपवण्यात अर्थ नाही.

हे तंत्र आपल्याकडे परके नाही, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जहूर मोंडल या तंत्रावर काम करतात. २०१० साली त्यांनी जपानच्या रिकेन संस्थेतील ताहेई ताहारा यांच्या गटाबरोबर दाखवले, की ऋणभारित लिपिडाखालचे पाण्याचे रेणू हायड्रोजन वर करतात आणि धनभारित लिपिडाखालचे खाली. चिन्ह हाती आल्याखेरीज हे सांगताच आले नसते. इथून जवळच, रोपडच्या आयआयटीत कैलाश चंद्र जेना यांचा गटही द्रवांचे पृष्ठभाग याच पद्धतीने अभ्यासतो.

आता पंजाबचा कोरडा उन्हाळा येईल आणि बशीतले पाणी अधिक वेगाने उतरेल. माझ्या वहीत प्रत्येक मोजमापापुढे दोन रकाने आहेत: बशी भरल्याची वेळ आणि उंची. उंची मोजणारा छोटा लेझर मी बशीवर कायमचा बसवून घेतला आहे.