मामांचं देणं

डीएमएलटी होऊन नांदेडच्या एका लॅबमध्ये लागले, तेव्हा तपासणी म्हणजे मशीन एवढीच माझी समज होती. सॅम्पल कोण आणतं, कसं आणतं, हे कधी मनातही आलं नाही. ते मला मामांनी शिकवलं. कंधार-लोह्याकडच्या दवाखान्यांतून ते मोटारसायकलवर रक्ताचे बल्ब घेऊन यायचे. शाळा सातवीपर्यंतच झालेली.

एकदा एका पेशंटचं पोटॅशियम ६.८ आलं. एवढ्यावर हृदयाचा ठोका चुकू शकतो, म्हणून मी फोनकडे धावले. मामा म्हणाले, “ताई, आधी सिरम उजेडात धरा.” ते गुलाबी होतं. त्या दिवशी दुसऱ्याच कुणीतरी बल्ब पिशवीत आडवे टाकून खड्ड्यांतून आणले होते. तांबड्या पेशींत पोटॅशियम सिरमच्या वीसपटीहून जास्त असतं. पेशी फुटल्या की ते सगळं बाहेर. डॉक्टरांना तसं सांगून पुन्हा रक्त मागवलं. या वेळी मामा गेले. आकडा आला ४.३.

त्यानंतर मी त्यांच्या हातांकडे बघायला लागले. प्लेन बल्ब रॅकमध्ये उभे करून ते अर्धा तास दवाखान्याच्या पडवीत बसून राहायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, “रगत बसू द्या, मग निघतो.” साखरेचा फ्लोराइड बल्ब सिस्टरने हलवला असला तरी स्वतः आठ-दहा वेळा हळूच उलटासुलटा करायचे. पेशी बल्बमध्येही साखर खात राहतात, साध्या बल्बमध्ये ताशी ५ ते ७ टक्के, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात त्याहून जास्त. बर्फाची पिशवी आणि बल्ब यांच्यामध्ये पेपरची जाड घडी असायची. मला वाटे, जितकं गार तितकं चांगलं. पण सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेलं रक्त फार गारठलं तर पेशी न फुटताही पोटॅशियम झिरपतं, सिरम स्वच्छ दिसतं आणि आकडा खोटा येतो. हे कारण मी पुस्तकात नंतर वाचलं. घडी आधी पाहिली होती.

पुढे लातूरला आले. उदगीर, निलंग्याहून सॅम्पल यायची. सिरम तिथेच वेगळं करावं म्हणून सेंट्रिफ्यूजचा हट्ट धरला, तो मामांच्याच शिकवणीच्या भरवशावर.

नातेवाइकाच्या उपचारासाठी हैदराबादला गेले, तेव्हा एका मोठ्या दवाखान्यात हवेच्या दाबाने नळीतून सॅम्पल धावताना पाहिली. कौतुकाने मामांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, “आत बल्ब हलतो का?”

नेमकं तेच बघावं लागतं. बल्ब अर्धवट भरलेला असला की हिंदकळतो, फेस येतो. म्हणून डबीत फोम घालतात, वेग आवरतात. एकाच माणसाचे दोन बल्ब, एक हाताने आणि एक नळीने पाठवून पोटॅशियम आणि पेशींतलंच एलडीएच हे एन्झाइम ताडून बघतात.

तशीच जोडी मी उदगीरच्या रस्त्यावर लावली: एक बल्ब तिथेच फिरवून सिरम काढलेला, दुसरा तसाच आणलेला. दोन्ही आकडे मामांना कळवले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि सॅम्पल आणणाऱ्या गाडीवरच्या पोराला फोन द्यायला सांगितलं.