पत्रीपुलाची तारीख आणि माझे एकवीस किलोमीटर

थोडं लांब लिहितोय. वेळ असेल तर वाचा, कारण एक उधारी फेडायची आहे.

मी डिसेंबरात २१ किलोमीटर धावणार, हे इथेच जाहीर केलं होतं. वर 'अडीच तासांत' असंही लिहिलं होतं. तुम्ही भरभरून शुभेच्छा दिल्यात. त्यानंतर काय झालं ते मात्र मी लिहिलंच नाही. काहींनी विचारलं, "साहेब, मेडलचा फोटो कुठाय?" मी म्हटलं, टाकतो. आता चार महिने झाले. मेडल मिळालंच नाही, तर टाकणार काय?

सुरुवात ऑगस्ट २०२५ मध्ये झाली. करोनापासून बंद पडलेली ठाण्याची वर्षा मॅरेथॉन पुन्हा सुरू झाली. बातमीसाठी गेलो होतो. पावसात भिजलेली शाळेची पोरं, अनवाणी धावणाऱ्या ग्रामीण भागातल्या मुली, पोट सांभाळत येणारे माझ्याच वयाचे लोक. हे सगळं बघून अंगात आलं. घरी येताना लोकलमध्येच पोस्ट टाकली. वय ४६, बीपीची गोळी चालू, त्याआधीचं शेवटचं धावणं म्हणजे डोंबिवलीला सुटणारी गाडी पकडणं.

२१ किलोमीटर म्हणजे किती, हे आपल्याला स्टेशनांवरून चटकन कळतं. डोंबिवली ते कल्याण रुळांनी पाच-सहा किलोमीटर. कल्याण ते ठाणे साधारण वीस. म्हणजे अर्धमॅरेथॉन ही कल्याण ते ठाणे आणि वर थोडं. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे सीएसएमटीहून निघालात तर दिव्याच्या आसपास पोचाल. स्लो लोकलला कल्याणहून ठाण्याला यायला अर्धा तास लागतो तेव्हा आपण कंटाळतो. ते अंतर मी पायांनी कापणार होतो, तेही चार महिन्यांच्या तयारीवर.

त्या चार महिन्यांतला पहिला महिना गणपतीत गेला. मग नवरात्र, दिवाळी, निवडणुकीची धामधूम. रात्री साडेबाराला घरी येणाऱ्या माणसाने पहाटे पाचला उठायचं, हे कागदावर छान दिसतं. आठवड्यातून दोनदा जमलं तरी मी खूश. ऑक्टोबरमध्ये सावळाराम महाराज क्रीडासंकुलात पाच किलोमीटर मोजून धावलो. ४२ मिनिटं लागली. मला वाटलं, वा, जमतंय की!

इथेच गणित चुकलं. पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७७ मध्ये एक साधं सूत्र मांडलं होतं. अंतर दुप्पट केलं की वेळ दुपटीपेक्षा थोडी जास्त लागते, साधारण २.०८ पट. माझी ४२ मिनिटं त्यात घाला. दहा किलोमीटरला जवळपास ८८ मिनिटं येतात आणि २१ ला तीन तास तेरा मिनिटं. तेही त्या अंतराचा पुरेसा सराव असेल तर. नवख्याला याहून जास्तच लागतात. मी जाहीर केलेले अडीच तास म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं. आणि पाच किलोमीटरमध्येच मी सव्वाआठ मिनिटांच्या वर होतो! जो वेग मला पाचला झेपत नव्हता, त्याहून जास्त वेगाने मी एकवीस धावणार होतो. हे गणित दोन ओळींचं आहे. मी ते मांडलंच नाही, कारण पोस्ट आधीच टाकली होती.

स्पर्धेचं नाव सांगत नाही. आयोजकांची काही चूक नव्हती. सुरुवातीला गर्दीच्या रेट्यात पळालो, पहिले पाच किलोमीटर ३८ मिनिटांत. छाती फुगली. नवव्या किलोमीटरला श्वास लागला. तेराव्याला डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी घातल्यासारखं दुखलं आणि मी दुभाजकावर बसलो.

साठीच्या एक बाई मागून येत होत्या. थोडं धावणं, थोडं चालणं असं चाललं होतं त्यांचं. थांबल्या. म्हणाल्या, "दादा, बसू नका. पाय आखडतील. हळूहळू चालत राहा." मी उगाच विचारलं, "ताई, तुमचं टार्गेट काय?" त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी तीन तास बावीस मिनिटं लागली होती. या वेळी तीन वीस झाली तरी पुरे." आणि गेल्या.

दोन मिनिटं. एका अख्ख्या वर्षात त्यांना दोन मिनिटं कमी करायची होती. मी मागून आलेल्या गाडीत बसून परतलो.

गाडीत मला पत्रीपूल आठवला. ब्रिटिशांच्या काळातला कल्याणचा तो पूल २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाला, नोव्हेंबरमध्ये पाडला. नवा पूल वाहतुकीला खुला झाला जानेवारी २०२१ मध्ये. मधल्या काळात किती तारखा दिल्या गेल्या, ते कल्याण-डोंबिवलीकरांना पाठ आहे. प्रत्येक नव्या तारखेची बातमी मी लिहिली आणि खाली एक खोचक वाक्यही टाकलं: कामाचं मोजमाप आधी करायचं की तारीख आधी जाहीर करायची? आणि स्वतःच्या बाबतीत मी काय केलं? तारीख आधी, मोजमाप नंतर. वर अपयश आल्यावर तोंड बंद. हेच एखाद्या अधिकाऱ्याने केलं असतं तर मी 'माहिती दडवली' अशी चौकट छापली असती.

गुडघा सहा आठवड्यांनी सुधारला. डॉक्टरांनी आधी विचारलं, "ईसीजी कधी काढला होता?" काढलाच नव्हता. चाळिशी ओलांडलेल्या, बीपी-शुगर असलेल्या मित्रांनो, बूट घेण्याआधी ते करा. खर्चही बुटांपेक्षा कमी येतो.

आता मी एक वही ठेवली आहे. आठवड्यातून तीन दिवस, बोलता येईल इतक्याच वेगाने. दम लागून वाक्य तुटलं की वेग जास्त झाला. पुढचं लक्ष्य दहा किलोमीटर. वहीत तीन ओळी आहेत. सगळं जुळून आलं तर दीड तास. दमट हवा, अपुरी झोप असा नेहमीचा दिवस असेल तर एक तास चाळीस. काहीच जुळलं नाही तर चालत का होईना, स्वतःच्या पायांनी शेवटची रेषा ओलांडायची. तिसरी ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. एकवीसचं बघू, पुढच्या वर्षी, दहा नीट झाल्यावर.

आता सार्वजनिक मुद्दा, कारण त्याशिवाय ही पोस्ट माझी वाटणार नाही.

२०१६ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरं स्मार्ट सिटी योजनेत निवडली गेली. लक्ष्य मोठं होतं. पण आज पहाटे साडेपाचला डोंबिवलीत धावायला निघा. फूटपाथवर दुचाक्या, पुढे उघडं गटार, म्हणून रस्त्यावर उतरावं, तर खड्डे आणि सुसाट रिक्षा. ठाण्याला उपवन आहे, येऊर आहे. कल्याणला गांधारीकडचा रस्ता आहे. पण त्यापासून लांब राहणाऱ्या माणसाने, विशेषतः अंधारात एकट्या निघणाऱ्या बाईने, कुठे जायचं?

म्हणून मी शहरासाठीही वहीतल्यासारखंच लक्ष्य मागतोय. जागतिक दर्जाचा ट्रॅक नको. प्रत्येक प्रभागात फक्त एक किलोमीटर सलग, दिवे असलेला, गाड्या नसलेला फूटपाथ द्या. दरवर्षी एक. मोजून, आणि झाल्यावरच फोटो टाकून.

तुमच्या भागात असा एक किलोमीटर आज आहे का? असेल तर कुठून कुठपर्यंत, ते कमेंटमध्ये लिहा. नसेल तर तेही लिहा. मी स्वतः जाऊन मोजेन आणि यादी इथेच टाकेन.

आणि माझ्या दहा किलोमीटरचा निकालही टाकेन. जो लागेल तो.