आमच्या मोरीचं पाणी

गुडघ्यांच्या कुरकुरीमुळे बरेच दिवस इथं काही लिहिलं नाही. पण परवा जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आमचं गाव कृष्णाकाठचं. नाव लिहीत नाही, नातेवाइकांना ठाऊकच आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची यंदाची सहल गेली चक्क सांडपाणी प्रक्रिया केंद्रात! मी नाकाला पदर लावूनच आत शिरले. पण खरा वास होता तो फक्त पहिल्या जाळीपाशी. तिथं पिशव्या, चिंध्या, शाम्पूच्या पुड्या आणि आपलं निर्माल्यही अडकलेलं. पुढे वाळू-माती खाली बसते आणि मग येते मोठी टाकी. तळातून हवा सोडलेली, तपकिरी पाणी नुसतं खदखदत होतं.

तिथली मुलगी जेमतेम पंचविशीची, पण समजावून छान सांगत होती. "आजी, पाणी आम्ही नाही, जिवाणू साफ करतात. आम्ही त्यांना फक्त हवा पुरवतो." पुढच्या टाकीत हे जिवाणू गाळ होऊन तळाशी बसतात. त्यातला बराचसा गाळ परत मागच्या टाकीत सोडायचा. म्हणजे विरजणच की! वरचं नितळ पाणी क्लोरीन घालून नदीत जातं.

घाण खाताना जिवाणू पाण्यातला किती प्राणवायू वापरतात, त्या मापाला बीओडी म्हणतात. ते जितकं जास्त, तितका माशांच्या वाट्याला प्राणवायू कमी. आंघोळीच्या नदीत हे माप लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवं. घरातून निघालेल्या पाण्यात ते २०० च्याही वर जाऊ शकतं.

निघताना तिनं सहज विचारलं, "आजी, तुमच्या घरचं पाणी येतं ना इथं? बरीच घरं अजून जोडलेलीच नाहीत. जे पाणी इथवर येतच नाही, ते आम्ही कसं साफ करणार?"

मी काही बोलले नाही. १९९५ साली घर बांधलं, तेव्हापासून आमच्या मोरीचं आणि शौचटाकीतून बाहेर पडणारं पाणी मागच्या ओढ्याला जातं. ओढा कृष्णेला मिळतो. गल्लीत गटाराची नवी वाहिनी आली तेव्हा जोडणी घ्यायची, तर अंगणाची फरशी उखडावी लागणार होती. हे आजारी होते. मग राहिलं ते राहूनच गेलं.

घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं. घरात सरासरी तीन माणसं धरली, तर ३० वर्षांचे झाले ३५ लाख लिटर! आणि मी दरवर्षी वर्गात 'नदीचे मनोगत' हा निबंध देत असे. "माणसांनो, माझ्यात घाण टाकू नका" असं लिहिणाऱ्या पोरांना दहापैकी आठ मार्क. मला किती द्यायचे?

माझी धाकटी बहीण सांगलीला असते. त्यांच्या नळाला कृष्णेचंच पाणी. तिला फोनवर हे सांगितलं तर हसून म्हणाली, "अगं ताई, आमच्याकडे शुद्ध करून देतात, शिवाय घरात फिल्टर आहे. तू नको मनाला लावून घेऊस." ती हसली, पण मला काही हसू आलं नाही.

सोमवारी जोडणीसाठी अर्ज दिला. प्लंबर फरशी बघून गेला. पारिजातकाची मुळं आड येताहेत, म्हणून वाहिनी जरा वळवून न्यावी लागेल, खर्च वाढेल म्हणाला. वाढू दे. शेजारचे म्हणतात, एका घरानं काय होणार? त्यांना हिशोबाचा कागद दाखवला. एक घर तयार झालंय, तिघं "बघू" म्हणतात.

असो. तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं, ठाऊक आहे का? विचारून बघा आणि मला जरूर कळवा.