दुकानातला संगणक

थोरलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आम्ही बापलेक कल्याण पूर्वेतल्या एका सायबर कॅफेत गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी पुन्हा बसलो, तर त्याच संगणकावर तिचा पासवर्ड आपोआप उमटला! कुणीही आत शिरून बँकेचा खाते क्रमांक पाहिला असता. पोरगी रडवेली झाली. चूक आमचीच, 'पासवर्ड जतन करायचा का?' या प्रश्नाला घाईत 'हो' म्हटले होते.

तेव्हापासून मी ब्राउझर पारखू लागलो. १९९५ साली विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केले, तेव्हा नेटस्केपचा जमाना. मग इंटरनेट एक्सप्लोरर आला, तोही २०२२ साली निवृत्त झाला. क्रोममध्ये इन्कॉग्निटो, फायरफॉक्समध्ये प्रायव्हेट विंडो, एजमध्ये इनप्रायव्हेट; नावे तीन, काम एकच. अशा सगळ्या खिडक्या बंद केल्या की कुठे कुठे गेलो होतो ते त्या संगणकावर उरत नाही. पण डाउनलोड केलेली फाइल तिथेच राहते, हे बंधू-भगिनींनो, ध्यानात ठेवा. मुलीचा जातीचा दाखला दुकानातल्या डाउनलोड्समध्ये तसाच पडलेला मी या डोळ्यांनी पाहिला. पुसला, मग रिसायकल बिनही रिकामा केला.

घरी मी फायरफॉक्स ठेवला. त्यातला रीडर व्ह्यू जाहिराती बाजूला सारून लेखाचा मजकूर मोठ्या अक्षरात दाखवतो. चष्म्याचा नंबर वाढलेल्या आमच्या मंडळींना तो फार आवडला. थोरली मात्र क्रोम सोडत नाही. डोंबिवलीच्या कॉलेजात सगळ्या मैत्रिणी तोच वापरतात म्हणे.